नारूच्या वाटणीचा चहा

माणसाचा सगळ्यात मोठा वैरी बाहेर कुठे नसतो, तो त्याच्या आतच दबा धरून बसलेला असतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. झाईच्या नारू तांडेलचा वैरी मात्र डहाणूला, स्टेशनजवळच्या एका लॅबच्या दुसऱ्या मजल्यावर, बोटभर काचेच्या नळीत सापडला. आणि त्याला पकडून दिलं ते नारूच्या सख्ख्या मुलीने.

क्रांतीने रक्त तपासायचा कोर्स नुकताच पुरा केला होता. लॅबमध्ये नोकरीही लागली होती, पण हात अजून बसला नव्हता. तेव्हा २०१८ च्या मे महिन्यात तिने घरातल्या सगळ्यांचं रक्त काढलं. बापाचं, आई वेणूचं, मामा चिमणचं आणि ऐंशी ओलांडलेल्या बायजीआत्याचं. बायजीची शीर तीनदा हुकली. शेजारच्या बोकडाकडेही क्रांती थोडा वेळ विचारात पडून बघत होती असं म्हणतात. बाकी सगळ्यांचे आकडे सरळ आले. चिमणचा तर पाच पूर्णांक चार, म्हणजे दाखवत फिरावा असा. नारूची तीन महिन्यांची साखर मात्र सहा पूर्णांक एक निघाली.

ही तीन महिन्यांची साखर मोठी चिवट वस्तू असते. आदल्या रात्री उपाशी झोपलं की साधी तपासणी फसते, हिला फसवता येत नाही. मागच्या नव्वद दिवसांत काय काय गिळलं त्याची सरासरी ती काढते.

डहाणूचे डॉक्टर भले होते. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "तांडेल, घाबरू नका. डायबेटिस झालेला नाही. तुम्ही बॉर्डरवर आहात. साडेसहाची बॉर्डर. भात कमी करा, साखर बंद करा, रोज पाऊण तास चाला. तीन महिन्यांनी परत बघू. बॉर्डर क्रॉस केलीत तर मात्र आयुष्यभर गोळ्या."

नारू अजिबात घाबरला नाही. बॉर्डरवर तो जन्मापासूनच होता. झाई हे महाराष्ट्राचं शेवटचं गाव, आणि नारूचं घर झाईतलं जवळजवळ शेवटचं. स्वयंपाकघर तलासरी तालुक्यात होतं आणि मागची जाळी ठेवायची झोपडी गुजरातेत. झोपडीत शिरलं की मोबाइल गुजरातेत स्वागत करायचा, बाहेर आलं की महाराष्ट्रात करायचा. नुसता दोरा आणि सुई आणायला नारू दिवसातून चार वेळा बॉर्डर क्रॉस करत होता आणि त्याला आजवर काहीही झालं नव्हतं.

घाबरली ती वेणू. तिला कारण होतं. नारूचा बाप बाबल्या तांडेल हा एके काळी डहाणूपासून उंबरगावपर्यंत नाव असलेला माणूस. त्याला साखर झाली, त्याने ती मानली नाही. एके दिवशी बोटीवर शिंगाळ्या माशाचा काटा पायात घुसला आणि बाबल्याला कळलाच नाही, कारण पाय कधीचा बधिर झाला होता. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल. पुढची नऊ वर्षं बाबल्या किनाऱ्यावर एका निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या बोटी कशा चुकीच्या नांगरल्या जातात ते मोठ्याने सांगत होता. त्याची जखम नऊ वर्षं धुतली ती सुनेने, म्हणजे वेणूने. बाबल्या गेला, खुर्ची ओसरीवर राहिली. तिच्यावर कोणी बसत नसे आणि कोणी ती टाकतही नसे.

वेणू पंचवीस वर्षं बोर्डीच्या बाजारात मासळी विकत होती. ती वाद घालत नसे, भाव सांगत असे. त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला भाव सांगितला.

"बोट माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात जायच्या आधी परत रक्त काढायचं. आकडा अलीकडे राहिला तर सुकाणू तुमच्या हातात. पलीकडे गेलात तर चिमणच्या. मी दुसरा पाय धुणार नाही."

'क्रांतीकृपा' ही बोट खरंच तिच्या नावावर होती. बायकांच्या नावावर बोट केली तर बरं असतं असं कुठल्यातरी योजनेच्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं, आणि नारूने हसत हसत सही केली होती. त्या सहीवर तो आज पहिल्यांदा नीट विचार करत होता. अठरा वर्षं तो त्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, होता. सुकाणू सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि ओसरीवरची ती खुर्ची तो ज्या खाटेवर झोपे तिथून सरळ दिसत असे.

चिमण हा वेणूचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं बोटीवर दुसऱ्या नंबरला होता. दुसरा नंबर म्हणजे सुकाणू सोडून बाकी सगळं करायचं. बहिणीचं बोलणं ऐकून त्याने मान खाली घातली, भावजी लवकर बरे होवोत असं दोनदा म्हणाला, आणि आठवड्याच्या आत उंबरगावहून एक काळा गॉगल आणला. सुकाणूवर सूर्य डोळ्यांवर येतो.

आता चालण्याचा प्रश्न. चालायला झाईत दोनच दिशा आहेत. उत्तरेला उंबरगावकडे, म्हणजे गुजरात, आणि दक्षिणेला बोर्डीकडे. उत्तरेचा रस्ता मोकळा, सरळ आणि तिकडे नारूला ओळखणारी माणसं कमी. तो पहिल्या दिवशी तिकडेच निघाला होता. बायजीआत्याने त्याला दारातच धरलं.

बायजीच्या कानावर सगळा प्रकार आला होता, पण तिच्या पद्धतीने. नारू बॉर्डरवर आहे आणि ती ओलांडली तर गोळ्या, एवढं तिने ऐकलं होतं. तिचा नातू ओख्याच्या बोटीवर खलाशी असताना समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडून चौदा महिने कराचीच्या तुरुंगात राहून आला होता. बॉर्डर आणि गोळ्या या विषयात तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या गोळ्या वेगळ्या, असं क्रांतीने तिला अर्धा तास समजावलं. बायजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर बोलला ना, क्रॉस करू नको?"

"बोलला."

"मग झालं."

डॉक्टर तसं बोललाच होता. त्या दिवसापासून नारूला जाळ्याच्या झोपडीतही जायची बंदी झाली. दोरा आणि सुई वेणू आणून द्यायची. चालायला दक्षिण दिशा उरली. आणि सगळं पुढचं रामायण या एका दिशेमुळे झालं.

झाई ते बोर्डी चार किलोमीटर. आपल्याकडे माणूस चालतो तो कुठेतरी जायला चालतो. रिकाम्या हाताने, भराभर, तोंडाने काही न बोलता चालणारा माणूस दिसला की दोनच शक्यता असतात: कोणीतरी गेलं, किंवा हा कोणालातरी मारायला चालला आहे. पहिल्या दिवशी नारूला तिघांनी थांबवून कोण गेलं ते विचारलं. चौथ्याने विचारलंच नाही, रिक्षा आडवी घातली आणि त्याला आत ओढला. ओळखीचा माणूस पायी चाललाय आणि आपण तसेच पुढे गेलो, हे त्याच्या घरच्यांना कळलं तर काय तोंड दाखवायचं. नारू पाऊण तासाचा व्यायाम सहा मिनिटांत संपवून बोर्डीला उतरला. परत येताना बर्फाच्या टेंपोने आणून सोडला. दुसऱ्या दिवशीही तेच. चढउतार तेवढा झाला.

तिसऱ्या दिवशी त्याने हातात छत्री आणि रिकामी पिशवी घेतली, म्हणजे काहीतरी कामाला निघाला आहे असं दिसावं. रिक्षा थांबल्या, पण कमी. मग वाटेतली घरं सुरू झाली.

झाई ते बोर्डी या वाटेवर नारूची ओळखीची घरं सात. पुलाच्या तोंडाशी धाकटी बहीण संगिता. पुढे तिची जाऊ, मग दोन जुने खलाशी, मग नारूच्या लग्नात ढोल वाजवलेला एक इसम, मग चिकूच्या वाडीचा राखण्या हाल्या, आणि बोर्डीच्या तोंडाशी निलमबेनचं किराणा दुकान, जिथे घर मागे आणि दुकान पुढे. गाडीवर असताना ही घरं कधी जाणवली नव्हती, हात वर केला की भागत होतं. चालणाऱ्या माणसाला हात वर करून पुढे जाता येत नाही. त्याला थांबावं लागतं, थांबला की बसावं लागतं, आणि बसला की चहा.

नारूने संगिताच्या घरी चहा नाही म्हटलं. हाल्याकडे नाही म्हटलं. निलमबेनकडे नाही म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळीच संगिता डोळे पुसत वेणूच्या दारात उभी. माझ्या भावाला काय झालं, मी काय केलं, मागच्या दिवाळीचं अजून मनात आहे का, असं सगळं तिने ओसरीवर बसून काढलं. मागच्या दिवाळीला काय झालं होतं ते वेणूला माहीतच नव्हतं; ते तिला तिथे कळलं. बिनसाखरेचा करून दे, असं क्रांतीने सुचवून पाहिलं.

"भावाला बिनसाखरेचा चहा देऊ?" संगिता म्हणाली. "उद्या गावात बोलतील, संगिताकडे साखर संपली."

दुपारपर्यंत ढोलवाल्याचाही निरोप आला, की नारूशेठ आता मोठे झाले.

प्रश्न बिकट होता. चहा घेतला तर सुकाणू जातं, नाही घेतला तर सात घरं जातात. बैठक बसली. कप भरलेला परत जाता कामा नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो कोणाच्या पोटात जातो याबद्दल घरवाल्यांचं काही म्हणणं नसतं, असंही ध्यानात आलं. तेव्हा चिमण पुढे झाला.

"भावजींचा कप मी घेतो," तो म्हणाला. "माझी साखर काय, पाच पूर्णांक चार."

वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा जीव लावणारा मेहुणा नारूला मिळाला, असं बायजीदेखील बोलली. चिमणच्या मनात दुसरं होतं. भावजी एकटे सुटले तर कुठे काय खातील सांगता येत नाही, आणि खाल्लं तर ते कोणीतरी पाहिलेलं बरं, असा त्याचा विचार. तो साक्षीदार म्हणून निघाला होता. चालायचा मात्र त्याने विचार केला नाही. डॉक्टरने त्याला सांगितलेलं नव्हतं.

म्हणून पुढचे तीन महिने झाई-बोर्डी रस्त्यावर रोज संध्याकाळी पाचला एक मिरवणूक दिसे. पुढे छत्री घेतलेला नारू, आणि मागे दोन हातांवर, बैलाच्या चालीने, स्कुटीवर गॉगल लावलेला चिमण. पावसाळ्यात गॉगलाचं काय काम, असं कोणी विचारलं तर तो सवय करतोय म्हणे. मागे स्कुटी आहे म्हटल्यावर रिक्षावाल्यांनी नारूला ओढायचं सोडलं. मंत्र्याच्या मागे गाडी असते तशी ती दिसायची, आणि मंत्र्याला कोणी लिफ्ट देत नाही.

घरोघरी दोन कप यायचे. नारू आपला कप हातात घेई, त्याचा वास घेई, विचारपूस करी. मग तो कप अलगद चिमणकडे सरके. चिमण आधी स्वतःचा संपवी, मग भावजींचा. सात घरं, चौदा कप. संगिता दोन चमचे घालायची. भाऊ आजारी आहे म्हणून ती तीन घालायला लागली. निलमबेनच्या घरचा चहा तर पाक म्हणून चालला असता, आणि वर नानखटाई. नाही म्हटलं तर ती गुजरातीत रागवायची, आणि गुजरातीत रागावलेल्या बाईला मराठीत नाही म्हणायची चिमणला भीती वाटे.

हाल्याकडचा चहा कोरा, लहान पेल्यातून. तिथे नारू जरा जास्त बसायचा, कारण हाल्याकडून तो नागली, म्हणजे नाचणी, नेत होता. क्रांतीने भात एक वेळेवर आणला होता आणि दुसऱ्या वेळेला नागलीची भाकर लावली होती. तलासरीच्या पाड्यातल्या हाल्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नागली खाल्ली होती, आणि ते गरिबाचं खाणं म्हणून लोकांनी इतकी वर्षं नाकं मुरडली होती. आता ते डॉक्टरच्या कागदावर छापून आलं होतं. हाल्याने तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"आमी सोडली तवा तुमी धरली," तो म्हणाला. "आमाला आता रेशनचा तांदूळ मिलतो. पांढराशुभ्र."

सल्ले देणारे इतरही होते. कोणी जांभळाच्या बियांची पूड आणली, कोणी कारल्याचा रस. डॉक्टरांनी चिकू बंद सांगितलाय हे कळल्यावर बोर्डीचे एक वाडीवाले दोन दिवस नारूशी बोलले नाहीत. आमच्या चिकूने कोणाला काही होत नाही, असं त्यांनी तिसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवून सांगितलं आणि पुरावा म्हणून सुकवलेल्या चिकूचं पाकीट हातात ठेवलं. ते पुढे चिमणने संपवलं. कारल्याचा रस मात्र त्याने भावजींच्या वाटणीचा म्हणून भावजींनाच ठेवला.

परतताना दोघांचे रस्ते वेगळे व्हायचे. नारू किनाऱ्याने येई. वाळूत स्कुटी चालत नाही आणि किनाऱ्यावर घरं नाहीत. पावसाळ्यासाठी वर ओढून शाकारलेल्या बोटी ओळीने झोपलेल्या असत. 'क्रांतीकृपा'पाशी आला की तो टेकून बसे, चप्पल काढी आणि खिशातली जाळं विणायची सुई पायाच्या अंगठ्यात हळूच टोची. दुखलं की त्याला बरं वाटे. मग दुसऱ्या पायाचा अंगठा. तिथेही दुखे. बाबल्याची खुर्ची नऊ वर्षं जिथे रुतलेली असायची ती जागा तिथून दहा पावलांवर होती. नारू तिकडे बघत नसे, पण ती कुठे आहे ते त्याला न बघता माहीत होतं. हे सुईचं त्याने कोणाला सांगितलं नाही.

जुलैअखेर त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. घोरणं थांबलं, तर वेणूला आठवडाभर झोप येईना. चिमणच्या गालांवर मात्र तेज आलं. त्याला पाणी फार लागायला लागलं, आणि संध्याकाळी परतताना तो दोनदा स्कुटी थांबवून झाडामागे जायचा. पावसाळ्यात असं होतंच, असं त्याने ठरवलं होतं. पँट घट्ट झाली ती धुऊन आटली होती.

बावीस ऑगस्टला निकाल होता. नारळी पौर्णिमा सव्वीसला. आठवड्यापूर्वी क्रांती रक्त काढायला बसली तेव्हा चिमणने स्वतःहून बाही वर केली होती. "माझंही घे. सुकाणू हातात घ्यायचं तर कागद स्वच्छ पाहिजे. उद्या कोणी बोलायला नको." हे तो नारूकडे न बघता बोलला होता.

क्रांती डहाणूहून संध्याकाळच्या एस्टीने आली. ओसरीवर सगळे जमले होते. संगिता आली होती, नव्याजुन्या खलाशांपैकी चारजण आले होते. बायजी भिंतीला टेकून बसली होती. नारू उभाच होता. क्रांतीने पर्समधून दोन पाकिटं काढली.

"पप्पा," ती म्हणाली, "पाच पूर्णांक सहा."

कोणाला काही कळेना. मग वेणूने विचारलं, म्हणजे अलीकडे? क्रांती म्हणाली, अलीकडे नाही, घरात. बॉर्डर आता दिसतसुद्धा नाही. वेणू आत गेली, देव्हाऱ्यापुढून बोटीची किल्ली उचलून आणली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. नारूने ती घेतली.

चिमणने गॉगल काढून खिशात ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो मनाचा वाईट नव्हता. "भावजी, छान झालं," तो म्हणाला. "क्रांती, आता माझा वाच."

क्रांतीने दुसरा कागद उघडला. तिने तो दोनदा वाचला. मग वरचं नाव वाचलं.

"मामा," ती म्हणाली, "सहा पूर्णांक आठ."

चिमण मागे सरकला आणि जवळ जी खुर्ची होती तिच्यावर बसला. निळी खुर्ची करकरली. सगळ्यांनी पाहिलं.

"हा गेला पलीकडे," बायजी म्हणाली. "आता गोळ्या."

एका कागदावर ठरत नसतं, परत तपासावं लागेल, डॉक्टरना दाखवावं लागेल, असं क्रांती सांगत होती. पण वेणूचं लक्ष खुर्चीकडे होतं. तिने भावाला दंडाला धरून उठवलं. उद्यापासून भात एक वेळ, नागलीची भाकर, आणि संध्याकाळी पाचला चालायचं, असं तिने सांगितलं. स्कुटीची चावी तिने काढून घेतली.

चिमणने ओसरीवरच्या माणसांकडे पाहिलं, संगिताकडे पाहिलं.

"चालतो," तो म्हणाला. "पण कप?"

संगिता म्हणाली, तिच्या घरून भावाच्या मेहुण्याला कोणी चहा न घेता जाऊ देणार नाही. खलाशांनीही मान डोलावली. हळूहळू एकेक करून सगळे नारूकडे बघायला लागले. नारू बोटीची किल्ली हातात फिरवत होता.

"भावजी," चिमण म्हणाला, "तीन महिने तुमचा कप मी घेतला."

हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचला झाईहून दोघे निघाले. पुढे चिमण छत्री घेऊन चालत होता. स्कुटी नारू चालवत होता. झाई ते बोर्डी चार किलोमीटर आहे. वाटेत ओळखीची घरं सात.